मामांच्या हातचे कपलर

नव्या गाडीची वायर कापणाऱ्या माणसाला माझ्या दुकानात पाणीसुद्धा मिळायचं नाही. परवाच एक जण आला. गाडी दोन महिन्यांची, पुढं जादा लाईट कुठूनतरी लावून घेतलेले. बॉनेट उघडलं तर हेडलाईटच्या धडधाकट वायरी मधोमध सोललेल्या, त्यांना दुसऱ्या वायरी पिळलेल्या आणि वरून चिकटपट्टीचं मुटकुळं. आत पाणी शिरून तांबं हिरवं पडलं होतं. मी त्याला म्हटलं, दादा, पोराचे कान टोचायला सोनार शोधता, मग गाडीनं काय पाप केलं? तो हसला. मला काही हसू येत नव्हतं.

आमच्या दुकानाची रीत अशी, की कंपनीच्या वायरीला कात्री लागता कामा नये. हेडलाईटच्या पाठीमागं प्लॅस्टिकची एक जोडणी असते, एक बाजू दुसरीत शिरून अडकते, तिला आम्ही कपलर म्हणतो. ते सोडवायचं आणि मधे आमची बाकावर तयार केलेली वायर बसवायची. तिच्या दोन्ही टोकांना तसंच कपलर. टक् वाजलं की बसलं. उद्या मालकाला नको झालं तर खटका दाबून ओढायचं, गाडी होती तशी. जादा लाईटपाशीही एक कपलर द्यायचं, म्हणजे बंपर काढायची वेळ आली तर कुणी कात्री शोधत बसणार नाही. ही अक्कल माझी नव्हे. माझ्या सासऱ्यांची.

आमच्याकडं सासऱ्यांना मामाच म्हणतात. मामांची सगळी नोकरी नगरजवळच्या भिंगारच्या कॅम्पात, फौजी गाड्यांच्या वर्कशॉपात सिव्हिलियन इलेक्ट्रिशियन म्हणून झाली. रिटायर झाल्यावर त्यांनी तिथल्याच आमच्या घराच्या पुढच्या खोलीला शटर बसवलं आणि दुकान सुरू केलं. माझा नवरा सुप्याच्या एमआयडीसीत शिफ्टला जातो, त्याला स्क्रू आणि खिळा यांतला फरक सांगावा लागतो. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. त्यामुळं घरात दिवसभर मामा आणि मी.

मी श्रीगोंद्याकडची, उसाच्या गावातली. माझं तोंड लग्नाआधीपासून पंचक्रोशीत प्रसिद्ध. सासरी निघताना आईनं शपथ घातली होती की वर्षभर तरी उलटून बोलू नकोस. मी आठ दिवस काढले. नवव्या दिवशी वायरीचा हिशेब चुकवणाऱ्या एका गिऱ्हाइकाला दुकानाच्या पायरीवरच झाडलं, आणि मग मला वाटलं, झालं, आता मामा माहेरी पाठवतात. मामा खाली मान घालून हसत होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच्या स्टुलाशेजारी माझ्यासाठी स्टूल मांडलं.

आधी मी फक्त चहा आणून द्यायचे. मग वायरीवर नळी चढवायला लागले, मग पक्कडीनं पिना दाबायला. कपलरच्या आत एकेका वायरीच्या टोकाला पितळेची पिन असते, ती दाबून बसवली तर जन्मभर हलत नाही आणि अर्धवट बसवली तर आठ दिवसांत दगा देते. माझी पिन मामा ओढून बघायचे. निघाली तर काही बोलायचे नाहीत, नुसती परत माझ्या हातात ठेवायचे. आळीतल्या बायका म्हणायच्या, सून काय दुकानात बसवायची वस्तू आहे का. मामा म्हणायचे, वस्तू असती तर कपाटात ठेवली असती.

बिघाड कसा शोधायचा तेही त्यांनीच शिकवलं. फ्यूज उडतोय, का उडतोय कळत नाही, अशा वेळी अंदाजानं बोलायचं नाही. एकेक कपलर सोडवत जायचं. ज्याला सोडवल्यावर काही बदलतं, बिघाडाचा संबंध तिथं. त्यांना अंदाजाचा भयंकर राग. गिऱ्हाईक म्हणायचं, तात्या, बॅटरी गेली असंल. मामा म्हणायचे, असंल न्हाई, बघू.

तर अशा माणसाच्या हातून चूक झाली, त्या दिवशीची गोष्ट. दिवाळीचे दिवस होते. श्रीगोंद्याकडचा एक गाडीमालक आला होता, त्याला धुक्यासाठी पिवळा आणि एरवी पांढरा असे दोन्ही उजेड देणारे लाईट हवे होते. त्या लाईटला तीन वायरी. आमच्या दुकानात ठरलेलं होतं, पिवळ्या उजेडाला पिवळी, पांढऱ्याला निळी आणि अर्थिंगला काळी. मामांनी सकाळी बाकावर वायर तयार केली, दुपारी बसवली, बटण दाबलं आणि फ्यूज उडाला. दुसरा घातला, तोही उडाला. मामा म्हणाले, फ्यूजचा माल खराब आलाय, आणि घरातून जुन्या डब्यातला फ्यूज आणायला गेले.

मी खाली बसून कपलर सोडवलं आणि आत डोकावले. निळीच्या जागी काळी, काळीच्या जागी निळी. मला आधी वाटलं मीच उलटं बघतेय. मामांच्या हातून असं होणं म्हणजे सूर्य मावळतीला उगवणं. पण होतं तसं होतं. आमच्या बायकांच्या बांगडीत नाहीतर मंगळसूत्रात एखादी सेफ्टी पिन अडकवलेली असतेच. ती काढली, कपलरच्या आतला पितळेचा काटा दाबला, दोन्ही वायरी ओढून अदलाबदल केल्या, पुन्हा बसवल्या. चहाचा कप विसळायला लागतो तेवढासुद्धा वेळ लागला नाही. मामा आले, त्यांनी जुना फ्यूज घातला, लाईट लखलखले. ते मला म्हणाले, बघ, मी म्हटलं नव्हतं?

तेव्हाच बोलायला हवं होतं. मी बोलले नाही. दुकानात गिऱ्हाईक उभं, त्याच्या देखत सून सासऱ्याची चूक काढणार? आणि गिऱ्हाईक गेल्यावर वाटलं, एवढंसं तर झालंय, कुणाच्या हातून होत नाही? झाकली मूठ सव्वा लाखाची.

आठवड्यात पुन्हा झालं. मग मी रोजच बघायला लागले. मामा सकाळी बाकावर बसून वायरी तयार करायचे आणि खिळ्यांना टांगून ठेवायचे. दुपारी जेवून ते तासभर पडायचे. तेवढ्या तासात मी एकेक वायर उतरवायची, कपलर उजेडाकडं धरायचं, उलट असेल तर पिनेनं सोडवून सुलट करायचं आणि त्याच खिळ्याला परत टांगायचं. आधी चारात एक उलट निघायची. संक्रांतीपर्यंत दोनात एक. कापून पिळलेली वायर असती तर माझा हात लागलेला लपला नसता. कपलरचं तसं नाही, सोडवलेलं कळत नाही.

मामांनाही काहीतरी जाणवत असणार. ते म्हणायला लागले की हल्लीच्या वायरींना रंगच धड नसतो, सगळा भेसळीचा माल. त्यांनी वायरीची कंपनी बदलली. मग बाकावरचा दिवा बदलला. नाचता येईना अंगण वाकडं, असं दुसऱ्या कुणाला मी तोंडावर म्हटलं असतं. मामांना म्हटलं, हो ना मामा, माल फार खराब येतो.

बाकीही दिसत होतं मला. मामांच्या डाव्या हाताला ठेवलेला चहा दोनदा सांडला, तेव्हापासून मी कप बरोबर समोर ठेवायला लागले. मामा शटरच्या कडेला खांदा घासायचे, तर मी तिथं जुन्या ट्यूबचं रबर गुंडाळलं. कुणी डावीकडून येऊन उभं राहिलं की त्यांना पत्ता नसायचा, मग मी मुद्दाम मोठ्यानं या दादा, बसा दादा करायचे. नवऱ्याला एकदा सांगितलं. तो म्हणाला, वय झालंय, चष्म्याचा नंबर वाढला असेल, सवडीनं बघू. माझा मात्र जीव आतून सुखावत होता, हे आज कबूल करते. आळीतल्या बायकांनी नावं ठेवलेली सून, तीच सासऱ्याची लाज राखतेय, आणि या कानाचं त्या कानाला कळू देत नाहीये. मला त्याची घमेंड होती.

कॅम्पातल्या बायका मला भाभी म्हणतात. त्यांतली एक सहज म्हणाली होती, बाबूजींचे डोळे एकदा दाखवून घ्या. मी तिला म्हटलं, आमचे मामा अंधारात वायर ओवतात. जिभेला हाड नसतं म्हणतात ते खोटं नाही.

आषाढात माझ्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं आणि मला श्रीगोंद्याला जावं लागलं. जाताना मी खिळ्यांवरच्या सगळ्या वायरी बघून, सुलट करून ठेवल्या. चार दिवसांत येते म्हटलं होतं, लागले दहा. माझ्या सुलट केलेल्या वायरी संपल्या आणि मामांनी नव्या बनवल्या.

त्याच दिवसांत राजूरचा एक जीपवाला आला. डोंगरातल्या वाड्यांवरची माणसं राजूरच्या बाजाराला आणणं-पोचवणं हा त्याचा धंदा. तिकडं पावसाळ्यात भरदुपारी ढग रस्त्यावर उतरतो, पुढं चाललेला बैलसुद्धा दिसत नाही. जिल्ह्याच्या कामाला तो नगरला आला होता आणि कुणीतरी त्याला आमचं दुकान सांगितलं होतं. मामांनी त्याला लाईट बसवून दिले. फ्यूज उडाला. वायर बदलली, उडाला. तिसरी बनवली, उडाला. दुपारपर्यंत माणूस बसून राहिला. मग म्हणाला, उजेडात घाट चढायला हवा, आणि लाईट काढून ठेवून तसाच निघून गेला. मामांच्या हातून गाडी तशीच परत जायची ही पहिली वेळ. हे सगळं मला मागाहून मामांनीच सांगितलं.

मी आले तेव्हा दुपार होती आणि शटर अर्धं ओढलेलं होतं. मामा झोपले नव्हते. बाकावर सात-आठ वायरी ओळीनं मांडलेल्या, सगळी कपलर सोडवलेली. मी पिशवी खाली ठेवायच्या आत त्यांनी मला स्टूल दाखवलं. आवाज चढलेला नव्हता. त्यांनी सांगितलं, फ्यूज बदलला, वायर बदलली, लाईट बदलले, बॅटरीसुद्धा दुसरी लावून पाहिली, बिघाड हलला नाही. मग त्यांनी माझ्याकडं तोंड केलं.

“दुकानातून एकच गोष्ट कमी झालेली हुती. तू. तू गेलीस आन बिघाड दिसाया लागला. म्हंजी तू हितं असताना तो झाकत हुतीस.”

दहा माणसांना गप्प बसवणारी मी, बांगडीतली पिन फिरवत बसले.

“कधीपासून?” त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, थोडे दिवस झाले मामा. तेवढ्यातही मी खोटंच बोलले. खरं सांगितलं तर त्यांना किती लागेल, याचीच मला भीती. मामांनी मान हलवली, बाकावरच्या वायरी गोळा केल्या आणि म्हणाले, उद्या डोळ्याच्या दवाखान्यात जाऊ.

दवाखाना नगरला. मामांची जुनी गाडी मीच चालवली, ते शेजारी बसले. तिथं त्यांच्या डोळ्यांत थेंब टाकले, हनुवटी टेकवून यंत्रात बघायला लावलं, आणि एका मशीनसमोर बसवून ठिपका दिसला की बटण दाबा म्हणाले. मी दाराशी उभी होते. ठिपके येत होते आणि मामा बटण दाबत नव्हते. डाव्या डोळ्याच्या वेळेला तर जवळजवळ नाहीच.

डॉक्टरीण बाई माझ्याच वयाच्या होत्या, शांत बोलणाऱ्या. त्यांनी सांगितलं, दोन दुखणी आहेत. एक मोतीबिंदू, त्यानं निळा रंग काळपट दिसतो. त्याचं ऑपरेशन करता येईल, काळजी नाही. दुसरं काचबिंदू. डोळ्यातला दाब वाढून आतली नस मरत जाते. दुखत नाही, खुपत नाही, आधी बाजूचं दिसणं जातं आणि माणसाला स्वतःला कळतही नाही, बरोबरच्यांच्या लक्षात येतं. उजवा डोळा औषधानं टिकवता येईल. मग त्यांनी विचारलं, त्रास कधी सुरू झाला? त्यावर डाव्याचं किती वाचेल याचा अंदाज येईल.

मामा म्हणाले, ही म्हणती थोडे दिवस.

बाईंनी माझ्याकडं बघितलं. मामांनीही मान वळवली, पण जरा चुकीच्या दिशेला, मी उभी होते त्याच्या अलीकडं. ते बघून माझ्यानं राहवलं नाही.

“दिवाळीपासून,” मी म्हटलं. “आता श्रावण लागलाय. रंग चुकत होते तेव्हापासून मला माहीत होतं. डावीकडचं दिसत नाही हे संक्रांतीला कळलं.”

बाईंनी लिहून घेतलं. रागावल्या नाहीत, रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. म्हणाल्या, संक्रांतीच्या सुमाराला आला असता तर डाव्याचं बरंचसं राहिलं असतं. आता जे गेलंय ते परत येणार नाही. उजव्याला दिवसातून दोनदा थेंब, घड्याळ लावून, एकही चुकवायचा नाही. मी हो हो म्हणत होते. माझ्या डोक्यात चहाचा कप घुमत होता, जो मी डावीकडून उचलून समोर ठेवला होता. तो सांडू दिला असता तर चार वेळा कपडे भिजले असते, मामा वैतागले असते आणि स्वतःच दवाखान्यात गेले असते. शटरला बांधलेलं रबर आठवलं. त्यांना बिघाड कळायची जेवढी म्हणून साधनं होती, तेवढी मी एकेक करून बाजूला सारली होती. आणि वर स्वतःची पाठ थोपटत होते.

औषधाची पिशवी घेऊन आम्ही गाडीत बसलो. किल्ली फिरवायचं मला सुचेना. मामा समोरच्या काचेकडं बघत होते, डोळ्यांवर दवाखान्यातला काळा चष्मा. मग ते बोलले, अगदी साध्या आवाजात, बाकावर बोलायचे तसे.

“गिऱ्हाइकाला कळू दिलं न्हाईस, ते बरं केलंस. मला तरी कळू द्यायचं, पोरी.”

मी रडायला लागले. आईच्या ऑपरेशनला रडले नव्हते. म्हटलं, चुकलं मामा माझं. हे शब्द मी जन्मात कुणाला म्हटले नव्हते, नवऱ्यालाही नाही, आईलाही नाही.

“व्हय,” मामा म्हणाले. “चुकलं.”

मी थांबले. मला वाटलं, आता ते जाऊ दे म्हणतील. ते काही म्हणाले नाहीत. मी डोळे पुसले आणि गाडी चालू केली.